पुन्हा या

पहिल्याच परदेशी स्पर्धेत आपला नेटबॉल संघ साठ गोलांनी मागे होता. भंडाऱ्याच्या रेवतीनं जिला अडवायचं, त्या सहा फुटी मुलीचा नेम एकदाही चुकला नव्हता. तिचा संथ, नेमका हात बघता बघता रेवती हरण्याचं दुःखही विसरून गेली.

शेवटच्या मिनिटाला त्या मुलीनं चेंडू फेकला आणि रेवती झेपावली. बोटांची टोकं लागली, चेंडू बाहेर गेला. मग परक्या देशातले ते प्रेक्षक टाळ्या वाजवत उभे राहिले.

ती मुलगी वाकली आणि रेवतीचा हात धरून इंग्रजीत काहीतरी बोलली.

"काय म्हणते ही?" रेवतीनं कप्तानताईला विचारलं.

"यंदा तिला कुणी अडवलं नव्हतं. पुन्हा या म्हणते."

रेवतीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "येऊ," ती मराठीतच म्हणाली.