मंत्र फसल्यावर

चारही कवड्या पालथ्या पडल्या.

"मंतर फसला," केशरबाई म्हणाली. "चेटकीण दगड झाली. ऊठ बायडे, लाग कामाला."

बायडाबाई उठली नाही.

बेलापूरच्या त्या घराच्या पडवीत दुपारचा हा खेळ केशरबाईनंच सुरू केला होता. सारवलेल्या जमिनीवर खडूनं राज्य आखायचं. डोंगर, नदी, वेस आणि पलीकडे राक्षसाचा किल्ला. गोष्ट केशरबाई सांगायची. बाकीच्या बायका गोष्टीतली माणसं व्हायच्या आणि आपण आता काय करतो ते बोलून दाखवायच्या. शेजारची छबूबाई नेहमी सरदार व्हायची, तिला तलवार आवडायची. सून बायडाबाई चेटकीण. अवघड काम आलं की कवड्या टाकायच्या. आणि चेटकिणीच्या हातून चारही पालथ्या पडल्या तर काय, याचा नियम केशरबाईनं ठरवला होता. मंत्र उलटतो, चेटकीण दगड होते, खेळणारीनं मुकाट उठून जायचं.

त्यावर आजवर कोणी हुज्जत घातली नव्हती.

आज डाव बायडाबाईनंच मांडला होता. तिचा नवरा श्रीमंत आणि सासरा भिमाजी सकाळच्या एसटीनं राहात्याला मुलगी बघायला गेले होते. श्रीमंतसाठी दुसरी बायको. नवस झाले, अंगारे झाले, देवऋषी झाले. बायडाबाईला मूल झालं नाही. चुलीपुढे रडत बसायचं नाही, असं ठरवून तिनं खडू हातात घेतला होता.

"मंतर फसला, कबूल," ती म्हणाली. "किल्ल्याचं दार न्हाई उघडलं. पर बाईनं का दगड व्हायचं?"

"मंग फसायचं भ्याव काय ऱ्हायलं?" छबूबाईनं विचारलं.

"हाय की! मंतराच्या आवाजानं राक्षस जागा झाला. आता दुसरा मंतर जवळ न्हाई. रिकाम्या हातानं त्याच्या म्होरं हुबं ऱ्हायाचं. ह्ये भ्याव कमी हाय व्हय? पर चेटकीण हाय तितंच हाय. आता काय करतीस, असं तिला इचारा."

छबूबाई पुढे सरकली. गोष्टीत सरदार म्हणून तीही त्याच दारापाशी उभी होती. "इचारा की वो केशरबाई. आसं खेळून बगू एकदा."

"नियम माझा हाय," केशरबाईचा आवाज चढला. "माझ्या घरात माझा नियम."

"तुमचा हाय, पर मला त्यो मान्य न्हाई, आत्याबाई."

सासूशी बायडाबाई असं कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिचे कान तापले. छबूबाई खाली बघू लागली. केशरबाईनं कवड्या मुठीत गोळा केल्या आणि मूठ तशीच आवळून ठेवली.

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. भिमाजी पुढे, हातात पेढ्यांचा पुडा. श्रीमंत मागे, मान खाली.

सासऱ्याची चाहूल लागली की सुनेनं उठायचं, पदर सावरून आत जायचं. छबूबाईसुद्धा उठून खांबाआड झाली. बायडाबाईनं पदर डोक्यावर घेतला. पण ती जागची हलली नाही.

भिमाजीनं तिच्याकडे न बघता बायकोला सांगितलं, "जमलं. पोरगी चांगली हाय. हिच्या भावाला सांगावा धाडलाय. उद्या येऊन घिऊन जाईल हिला. बोचकं बांधाय सांग."

"मी जायाची न्हाई," बायडाबाई म्हणाली.

श्रीमंतनं मान वर केली. भिमाजी तिच्याकडे वळला. या घरात त्याला असं उत्तर कोणी दिलं नव्हतं.

"सासरा दारात हुबा, अन् सून बसून बोलती? केशर, उठव तिला!"

केशरबाई सुनेजवळ गेली. बायडाबाईनं दोन्ही तळवे जमिनीला टेकवले. आता ही दंड धरून ओढणार, असं तिला वाटलं. पण केशरबाई गुडघ्यांवर हात देत तिच्या शेजारी खाली बसली.

"न्हाई उठवायची," ती नवऱ्याला म्हणाली. "राहीला उठवली, तेवढं बास झालं."

"राही कोन?" श्रीमंतनं विचारलं. हे नाव त्यानं घरात कधी ऐकलं नव्हतं.

"काय न्हाई. जुनं हाय," भिमाजी घाईनं म्हणाला. "केशर, गप बस. आत जा."

"तुझ्या बापाची पयली बायकू," केशरबाई श्रीमंतकडे बघत म्हणाली. "गुणाची हुती म्हनं. पोर हुईना, म्हून काडीमोड दिली. ती एक सबूद बोलली न्हाई. बोचकं घेतलं, अन् गेली. तिच्या जागंवर मला आनली. आन् लोकास्नी सांगितलं, तिच्यात खोट हुती."

"केशर!" भिमाजी ओरडला.

केशरबाई थांबली नाही. नवऱ्यासमोर ती आजवर एवढी वाक्यं सलग कधी बोलली नव्हती. पेढ्यांचा पुडा त्या दिवशी कोणी सोडला नाही आणि राहात्याची सोयरीक तिथंच मोडली, ती केशरबाईच्या पुढच्या बोलण्यानं.

"राहीच्या भावानं श्रीगोंद्याला तिचा पाट लावून दिला," ती म्हणाली. "तितं तिला चार लेकरं झाली. अन् मला, श्रीमंता, तुला दिराच्या घरनं दत्तक घ्यावं लागलं."