राजसबाईंचं वजन

“एकोणऐंशी किलो,” फोनवर एकोजीराव म्हणाले.

तनया खुर्चीतून उठलीच. वर्षापूर्वी तिच्या गणिताने सांगितलेला आकडाही एकोणऐंशीच होता! ना तोळा इकडे, ना मासा तिकडे.

गणित तिचं, कॉम्प्युटरवरचं. दुर्बिणीतून पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया व्हायच्या आधी वय, वजन, साखर त्यात भरायची. मग दर महिन्याला वजन किती उतरेल आणि जिवाला धोका किती, ते छापून यायचं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर चंद्रमौळी त्याची एक प्रत पेशंटला घरी द्यायचे. बाकीचे पेशंट कधी आकड्याच्या वर, कधी खाली. राजसबाई तेवढ्या कागदाबरहुकूम उतरत होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना दवाखान्यात येववत नसे, म्हणून त्यांचे यजमान एकोजीराव दर महिन्याला चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या घरून फोनवर वजन सांगत. तंजावरकडचे मराठी. बोलणं मोजकं, पण गोड.

आणि तनयाचा सगळा जीव राजसबाईंच्याच आकड्यात अडकला होता. वय अठ्ठावन्न, वजन एकशे अठरा, जुना मधुमेह. जसंच्या तसं तिच्या आईचं! डॉक्टरांकडे अशी दुसरी पेशंट नव्हती.

सांगलीहून आलेल्या तिच्या आई हेमलताबाई मात्र हटून बसल्या होत्या. “तुझ्या मशीनला काय कळतंय माझं जगणं-मरणं? त्या बाईंशी बोलव, मग बघू.”

तनयाने फोन लावून दिला.

“देवळात गेली आहे हो,” एकोजीराव म्हणाले.

“बऱ्या आहेत ना पण?”

पलीकडे एकोजीराव खाकरले. मग म्हणाले, “ताई, घाई करू नका. नीट विचार करून घ्या.”

“किती उतरलं एकूण?”

“एकोणचाळीस किलो.”

हेमलताबाईंनी फोन ठेवला आणि हसल्या. “बायको निम्मी झाली तरी याची धाकधूक जात नाही. नवरे मेले भित्रेच! ठरव तुझी तारीख.”

ठरलेल्या दिवशी शस्त्रक्रिया अकरा वाजता होती. सकाळी आठला हिरवा झगा घालून बसलेल्या आईने तनयाचा हात धरला. “त्या बाईंना घेऊन ये गं. शुद्धीवर आले की पहिल्यांदा त्यांनाच बघीन.”

तनया रिक्षा करून निघाली. एकोजीरावांच्या गल्लीत दारोदार कोलमच्या रांगोळ्या काढलेल्या होत्या. एकोजीरावांच्याच दारात रांगोळी नव्हती. राहिली असेल गडबडीत, असं तिला वाटलं.

एकोजीराव ओल्या धोतराने दारात आले. बोटात दर्भाची अंगठी. तिला बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“पूजा चाललीय का काका? चालू द्या, मी थांबते. काकूंना न्यायला आलेय. आईचं आज ऑपरेशन.”

“आजच?” त्यांनी चौकट धरली. “किती वाजता?”

“अकराला.”

“मग वेळ आहे. पोरी, आधी फोन कर. थांबवा म्हणून सांग त्यांना. बाकीचं मी मग सांगतो.”

“अहो, तुम्ही म्हणजे अगदीच...” तनया हसली. तेवढ्यात तिचाच मोबाईल वाजला. दवाखान्यातून नर्स बोलत होती. तनयाने ऐकलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

“सुटलो बाई! पहिल्या पेशंटला ताप होता, म्हणून आईलाच आत घेतलं. भूल दिली, सुरूही झालं. आता आई नाही म्हणूच शकत नाही!”

एकोजीरावांची नजर फोनशेजारी भिंतीवर टाचलेल्या, तिच्याच छापील आकड्यांच्या कागदाकडे गेली.

आतून गुरुजींची हाक आली. “या एकोजीराव, वर्षश्राद्धाचा संकल्प सोडायचाय. बायकोचं नाव सांगा.”

तनयाकडे बघत एकोजीराव म्हणाले, “राजसबाई.”