इकाम्यावर मेंढपाळ

माझा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, हम्माद याला एकच वेड, लष्कराच्या भंगारातून आणलेला जुना रणगाडा चालता करायचा. सौदीत हाइलच्या त्याच्या शेतावर आम्ही दोघं सहा वर्षं त्या धुडाशी झटत होतो. मी रत्नागिरीचा मेकॅनिक आणि तो माझा हेल्पर. पाने हातात देता देता माझं मराठी त्याला शिव्यांसकट कळायला लागलं होतं.

मग नियम आला, मेकॅनिक सौदीच पाहिजे. हम्मादने कागदोपत्री स्वतःला मेकॅनिक केलं आणि माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, लिहून आणलं, मेंढपाळ.

एका सकाळी कामगार खात्याचा तपासनीस हम्मादपुढे येऊन उभा राहिला. "मेकॅनिक तू ना? मग रणगाड्याची ही निसटलेली चेन जोडून दाखव."

हम्मादचा चेहरा पडला. मी काठी घेऊन बकऱ्यांमागे उभा. मदतीला गेलो असतो तर थेट परतीच्या विमानातच बसलो असतो.

मी काळ्या बकरीवर खेकसलो, "अगो, आधी नट ढिला कर!"

हम्माद पाना घेऊन वाकला.

"उलटा काय फिरवतेस? डावीकडे फिरव गो, डावीकडे!"

पाना डावीकडे फिरला.

"आता पिन घाल नि हाण घण!"

पिन बसली. तोवर माझ्या सगळ्या बकऱ्या गव्हात घुसल्या होत्या.

तपासनीसाने खूश होऊन सही केली. जाता जाता माझ्याकडे बोट दाखवून हम्मादला म्हणाला, "मेकॅनिक तू अव्वल आहेस. पण हा मेंढपाळ आधी बदल. इतका ओरडतो, पण एक बकरी त्याचं ऐकत नाही."