ऐंशीच्या पुढं

सुगत सरांनी बॉनेटखाली डोकं घातलं आणि मुज्तबा मिस्तरीला एकदम चहाची आठवण झाली. चहा घेता का म्हणून त्याने तीनदा विचारलं. सर काही डोकं बाहेर काढेनात.

सर लातूरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवत. साडेनऊला इथला तास सुटला की गाडी नांदेडला पिटाळायची, कारण तिथली बॅच बाराच्या ठोक्याला सुरू होई. महिनाभर मात्र गाडी ऐंशीच्या पुढं जायचं नाव घेत नव्हती. सर रोज वीस मिनिटं उशिरा पोचत. शेवटी कालच नांदेडच्या क्लासवाल्यांनी ऐकवलं, की सोमवारपासून बाराला या, नाहीतर आम्ही दुसरे सर बघतो. डॉक्टर व्हायला निघालेली दीडशे पोरं एका बॅचला. ती हातची गेली तर नांदेडात सरांना कोण विचारणार? म्हणून आज रविवारी ते बायकोला, मनिषाला, घेऊन गॅरेजात ठाण मांडून होते.

मिस्तरीने महिनाभरात प्लग बदलले, फिल्टर झटकला आणि दर खेपेला एकच निदान केलं, की गाडी थकली, जरा दमानं चालवा. फिजिक्सवाल्याला हे थकणं पटेना. इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळ्यांत झडपा असतात, हे सरांनी वाचून काढलं होतं. गाडी हळू असली की त्या मिटलेल्या असतात. पाय दाबला की एक दांडी सरकते, झडपा उघडतात आणि इंजिन पोटभर श्वास घेतं. सरांनी मनिषाला रेस द्यायला सांगितलं. इंजिन ओरडलं, पण दांडी जागची हलली नाही. सरांनी खाली हात घातला तर बोटांना कापड लागलं. हिरव्या लुगड्याची किनार दांडीला दोन पदरी आवळून बांधलेली होती. लुगडं ओळखीचं होतं. सुमनबाईंचं, म्हणजे सरांच्या आईचं.

मिस्तरीचं पितळ उघडं पडलं.

"तुमच्या माय आल्त्या, सर," तो म्हणाला. "तुम्ही लोह्यापाशी गाडी सोयाबीनमंदी घातली, तवापासून त्यांना घास गोड लागत न्हाई. मी तारेनं बांधायलो होतो. तर म्हणल्या, तार नको, गाडीला लागंल."

सर भडकले. मी काय दूधपितं लेकरू हाय का, इथपासून ते बॅच गेल्यावर तू शिकवणार का, इथपर्यंत त्यांनी मिस्तरीला धुतलं. मनिषा मान वळवून हसत होती. मिस्तरीने निमूटपणे गाठ सोडली, दांडीला तेल दिलं. रेस दिल्याबरोबर दांडी सर्रकन सरकली, आणि सरांचा जीव भांड्यात पडला.

आता ट्रायल. मनिषाला आठच दिवसांपूर्वी लायसन मिळालं होतं. मीच बघते म्हणत तिने स्टीअरिंग धरलं. सर शेजारी बसले आणि गाडी नांदेड रोडला लागली.

काटा शंभरावर गेला तेव्हा सरांनी वरची कडी धरली. एकशेदहाला त्यांचा पाय नसलेला ब्रेक शोधू लागला. मनिषा झकास चालवत होती, चूक काढायला जागा नव्हती, तरी समोरून येणारी प्रत्येक एसटी सरांना आपल्याच अंगावर येतेय असं वाटे. त्यांनी भीतभीत तिच्याकडे पाहिलं. ती लहान पोरीसारखी खुशीत होती. गाडी पळवताना आपलं तोंड असंच दिसत असणार, हे सरांना पहिल्यांदाच कळलं, आणि त्यांनी दुसऱ्या हातानेही कडी धरली.

गॅरेजापाशी मनिषाने करकचून ब्रेक मारला.

"आत्ता कुठं गाडी गाडीसारखी पळाली," ती म्हणाली. "उद्यापासून मीच येते सोबत. बाराच्या आत पोचवते बघा तुम्हाला."

सर दाराला धरून उतरले. त्यांनी नांदेडला फोन लावला आणि सांगून टाकलं, की मी उद्यापासून एक वाजता येईन, जमत नसेल तर खुशाल दुसरे सर बघा. मग मनिषाला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते मिस्तरीजवळ सरकले.

"मुज्तबाभाई, ती किनार फेकली तर न्हाई ना?"