काचेखालचं आभाळ

काच दिसल्यावर भाचीच्या तोंडून जो शब्द निघाला, तो ऐकून म्हणे शेजारच्या दालनातला मोठा लंबक हेलकावा घेता घेता मधेच थांबला. लंबक थांबला नसेल, पण फरशी पुसणारी बाई थांबली, एवढं खरं.

भाचीच्या दंडाला धरून आत्या उभी होती. काय झालं, तिने विचारलं. भाची सांगणार काय?

तारांगणाच्या त्या दालनात मधोमध टेबल होतं. टेबलात एखाद्या मोठ्या कढईसारखं खोलगट, काळं आभाळ बसवलेलं, आणि त्यात पितळेचे तारे. ज्यांना दिसत नाही त्यांनी हात आत घालून आभाळ बघायचं, म्हणून भाचीने ते रचलं होतं. ठळक तारा वाटाण्याएवढा, अंधूक तारा मोहरीएवढा, आकाशगंगा म्हणजे नुसती बारीक खरखर. या सगळ्याची परीक्षक आत्या. डोळ्यांनी जन्मापासून आंधळी आणि जिभेने जन्मापासून तिखट. आभाळाचा एकेक तुकडा घरी जेवणाच्या टेबलावर तिच्यापुढे यायचा. व्याधावर बोट ठेवून तिने विचारलं होतं, हा तारा आहे का चपलेतला खिळा? कृत्तिकांच्या झुबक्यावरून हात फिरवून म्हणाली होती, इथे कोणालातरी कांजिण्या आल्यात. भाची मुकाट्याने तुकडा परत न्यायची, घासून आणायची, पुन्हा बोलणी खायची.

पण ते झाले तुकडे. सबंध आभाळ, या काठापासून त्या काठापर्यंत, आत्याच्या हाताखाली कधी आलंच नव्हतं. ते आज यायचं होतं. त्यासाठी ती ठेवणीतले कपडे घालून आली होती. नखंसुद्धा कापली होती.

आणि आभाळावर आता काच होती. टेबलभर, काठोकाठ, चारी कडा चिकटवून टाकलेली.

संचालक लगबगीने आले. आनंदात होते. काच त्यांच्याच डोक्यातून निघाली होती. त्यांचं म्हणणं, उघडं पितळ काळं पडतं, बोटांचे डाग पडतात, आणि उद्घाटनाचे पाहुणे आता पोचतीलच, फोटो निघतील. भाचीने आवाज जेमतेम ताब्यात ठेवून सांगितलं, की पितळ मुद्दामच उघडं ठेवलंय. ज्या ताऱ्यांना जास्त हात लागतील ते झिजून उजळतील. काही वर्षांनी लोकांचे लाडके तारे आपोआप चमकायला लागतील. संचालकांना ही कल्पना अतिशय आवडली. माहितीफलकावर असं काहीतरी जरूर लिहू या, ते म्हणाले.

काच काढा, भाची म्हणाली.

ती आता निघायची नाही, असं त्यांनी हसतमुखाने सांगितलं. चिकटवलंय ज्याने, ते रसायनच तसलं आहे. काढायला गेलं तर काच फुटणार. शिवाय आपण यांना विसरलेलो नाही, असं म्हणून त्यांनी आत्याचा हात आपल्या हातात घेतला आणि टेबलाच्या कडेला लावलेल्या नव्याकोऱ्या पट्टीवर नेऊन ठेवला. "ब्रेलमध्येसुद्धा केलाय फलक. वाचा ना, आजी."

आत्याने बोट ठिपक्यांवरून सावकाश नेलं. मग मोठ्याने वाचलं.

"कृपया हात लावू नये."

फरशी पुसणाऱ्या बाईला एकदम खोकला लागला. ती बादली घेऊन खांबाआड गेली.

आत्या हसली नाही. तिचा हात पट्टीवरून वर सरकला, काचेवर आला. गार, गुळगुळीत. तिने तळवा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नेला आणि परत आणला.

"आज आभाळ आलंय वाटतं," ती म्हणाली.

संचालक भाचीला बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात बोलत होते. मॅडमनी मनाला लावून घेऊ नये. शेवटी कोणासाठी किती करायचं, याचा विचार संस्थेला करावा लागतो. "बघणारे रोज रांग लावतील. न बघणारे येऊन येऊन किती येणार?"

भाचीने खांद्यावरची पिशवी जमिनीवर ठेवली, तिच्यातली पेचकस, पट्ट्या, कानस उलथीपालथी केली आणि हातोडी काढली.

संचालक गडबडले. ही काच साधी नाही, हत्ती नाचला तरी तिला काही होत नाही, असं काहीसं ते म्हणाले.

"माहीत आहे," भाची म्हणाली. तिचा आवाज आता अगदी शांत होता, आणि त्यानेच संचालक एक पाऊल मागे गेले. "मधोमध मारलं तर हातोडी उलटून येते. कोपऱ्यात मारलं की सगळ्या काचेची साखर होते."

आत्याने हात पुढे केला. "दे इकडे."

"तू नको, आत्या."

"तू फोडलीस तर परत कोणी दारात उभं करणार नाही तुला. माझं काय? मला कुठे दिसतंय?"

बाहेर गाड्यांची दारं वाजली. पाहुणे आले होते. संचालकांनी दाराकडे पाहिलं, हातोडीकडे पाहिलं, दोन्हीकडे एकदम धावायचा प्रयत्न केला, आणि शेवटी कोट सारखा करत दाराकडे पळाले.

भाचीने हातोडीचा दांडा आत्याच्या मुठीत दिला. मग ती दोन पावलं मागे सरली आणि तिने हात पाठीमागे बांधून घेतले.

"डावीकडे, आत्या," ती म्हणाली. "अजून थोडं. अजून एक बोटभर."