पितळी टाके

विनीतनं पहिली बशी हातात घेतली, उलटी केली आणि तसाच थांबला. सुहासिनीला वाटलं, चकाकी बघून पोरगा खूश झाला.

खूश व्हायलाच हवा होता. काल दुपारपासून ती बशा घासत होती. चिनी मातीच्या, जुन्यापुराण्या, थेट चीनहून आलेल्या; कधीकाळी फुटलेल्या आणि कुणा कारागिरानं मागून पितळेचे टाके मारून सांधलेल्या. तिच्या नवऱ्याच्या, श्रीपादरावांच्या, संग्रहात धड बशी चालायचीच नाही. कपाटात ते बशा पाठमोऱ्या मांडत. फुलं-पक्षी भिंतीकडे, टाके पाहुण्यांकडे. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांपैकी आतली खोली असल्या कपाटांनीच अडवलेली. संसार बाहेरच्या खोलीत.

मैथिलीचे दिवस भरत आले होते. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण माहेरी पाळणा टांगायला जागा नाही. बरं, आईनंच लेकीच्या घरी माजिवड्याला जावं, तर श्रीपादराव बशा सोडून हलणार नाहीत. त्यांना एकटं ठेवावं, तर त्यांना गॅस पेटवता येत नाही. निदान येत नाही असं ते म्हणत, आणि ते पडताळून बघायची वेळ त्यांनी कधी येऊ दिली नव्हती. शेवटी मैथिली फोनवर रडली. लेकीला तोंडावर नाही म्हणणं त्यांना कधीच जमलं नाही. "काढून टाकतो सगळ्या," ते म्हणाले, आणि ठाण्याच्या विनीतला बोलावणं गेलं. निम्म्या बशा त्याच्याच जुन्या वस्तूंच्या दुकानातून आलेल्या. ठरलं असं, की बशा गाडीत मागे आणि सुहासिनी पुढे, विनीतशेजारी. डिंक, अळीव, झबली, जुन्या लुगड्यांची दुपटी; बॅग सकाळपासून दाराशी उभी होती.

घरातून वस्तू जायची ती घासूनपुसून. आणि पितळ म्हटलं की चिंच-मीठ. देवघरातल्या समया ती तशाच घासायची. एरवी बशीला वारा लागू न देणाऱ्या श्रीपादरावांनी काल किल्ली आपण होऊन काढून दिली. चिंच कमी पडली, तर चपला अडकवून खाली गेले आणि घेऊन आले. माणूस विरघळला, असं सुहासिनीला वाटलं. आजोबा व्हायचं म्हटल्यावर होतं असं.

"काकू, हे घासलं कुणी?" विनीतनं विचारलं.

"मीच की. सगळ्या घासल्यात हो. एकसुद्धा सोडली नाही."

विनीतनं दुसरी उलटी केली, तिसरी केली. टाके कालच सोनाराकडून आल्यासारखे. एकाला त्यानं नखानं हळूच टोचलं. टाका हलला.

"भोकांत जुना चुना भरलेला होता, तो धुऊन गेला. आणि वरचा तो काळा मळ... काकू, गिऱ्हाईक मळाचेच पैसे देतं हो! आता हे टाके जुने आहेत, हे मी कुणाला पटवू? म्हणतील, विनीतनं मागच्या आठवड्यात मारून घेतले."

"होतील की परत काळे. समया नाही का होत?"

"काळे होतील, काकू. जुने नाही होणार." तो श्रीपादरावांकडे वळला. "काका, पण तुम्ही तरी सांगायचंत! टाक्यांना पाण्याचं बोट लावायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलेलं."

श्रीपादराव खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. "अरे, इतक्या उत्साहानं बसली होती. मोडवेना मला."

सुहासिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता. ते पुसतच होते.

विनीतनं आणलेली रिकामी खोकी एकात एक घातली. उंबऱ्यापाशी बॅगेला ठेचकाळला तेव्हा त्याला आठवलं. "काकू, मी माजिवड्यावरूनच जाणारेय. तुम्हाला सोडू ना?"

तिचा हात बॅगेच्या पट्ट्यावर गेला.

"तिला आता कसं जमणार?" श्रीपादराव म्हणाले. "टाके सैल झालेत सगळे. एकेक बशी कापसात घालून ठेवायला हवी. मी एकटा कुठंकुठं पुरणार?" मग तिच्याकडे बघून, अगदी मायेनं, "मैथिलीला मी करतो फोन. नीट समजावून सांगतो. तुझ्यावर नाही रागवायची ती."

विनीत घुटमळला. काका-काकूंच्या मध्ये पडणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. खोकी उचलून तो जिना उतरला. खाली गाडी सुरू झाली, फाटकापाशी हॉर्न वाजला, मग तोही ऐकू येईना.

श्रीपादरावांनी बशा पुन्हा कपाटात लावल्या. फुलं-पक्षी भिंतीकडे. दार लावलं, किल्ली जानव्याला अडकवली. सुहासिनी दाराशीच उभी होती, पट्टा मुठीत धरून. चिंचेनं बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती.

"अगं," ते आतूनच म्हणाले, "चिंच उरलीय ना थोडी? मग आज आमटी चिंचगुळाची कर."