कोंबड्यांसाठी

टास्मानियात जुलैच्या ऐन हिवाळ्यातल्या पावसाने नोरीनबाईंच्या कोंबड्यांच्या आवारात नुसता राडा झाला होता. ऐंशीच्या नोरीनबाई त्यात दोनदा घसरल्या, पण कोणी मदतीला आलं की फिस्कारायच्या, "माझे हातपाय धड आहेत अजून!"

एका सकाळी शेजारचा म्हातारा केल्विन ट्रेलरभर लाकडाच्या ढलप्या घेऊन आला आणि चिखलावर पसरू लागला.

"तुला कोणी बोलावलं?"

"तुझ्यासाठी नाही गं बाई. कोंबड्यांसाठी. पाय कुजतील बिचाऱ्यांचे."

नोरीनबाईंनी कोंबड्यांना त्याच्या वाटेतून हाकललं.

पुढच्या आठवड्यात त्याने पाणी वाहून जायला चर खणला. मग त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारापासून आवारापर्यंत फरशा घातल्या. आज त्या फरशांच्या कडेने तो कमरेइतका लाकडी कठडा ठोकत होता.

"हाही कोंबड्यांसाठीच?"

"मग!" केल्विनने मान वर केली नाही.

नोरीनबाई कठडा घट्ट धरून आवारापर्यंत गेल्या. थंडीमुळे खुराड्यात एकच अंडं होतं. परत येऊन त्यांनी ते केल्विनच्या हातावर ठेवलं.

"कोंबड्या म्हणताहेत," त्या हळूच म्हणाल्या, "तुझा फार आधार वाटतो."